बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशीं

घरांत मूल जन्मलें म्हणजे वडीलधाऱ्यांस सारीं शास्त्रें एकदम आठवूं लागतात. गेल्या आषाढांत बिरसीस आमच्या घरीं नात आली तेव्हां आमचेंहि तसेंच झालें. गोंदियाच्या दवाखान्यांतून सूनबाई तिसऱ्या दिवशीं परतल्या. बाळगुटीसाठीं सहाण मांडली, शेगडी पेटविली. इतक्यांत गांवच्या आशाताई भर पावसांत दाराशीं उभ्या राहिल्या. धानाची रोवणी अर्धी टाकून त्या आल्या होत्या.

आम्ही म्हणालों, "ताई, घरांत सोयर आहे. बारसें झालें कीं अवश्य या."

"बारशाला येईनच, गुरुजी, पण आजचा दिवस चुकवून चालत नाहीं."

आम्ही पुन्हा कांहीं बोलणार, तोंच आंतून आमचें कुटुंब म्हणालें, "अहो, येऊं द्या त्यांना."

त्या चार शब्दांपुढें आम्ही निरुत्तर झालों. आमचें पहिलें अपत्य नवव्या दिवशीं गेलें, त्यास आतां चाळीस वर्षें होत आलीं. तें दूध ओढीना, अंग गार पडूं लागलें, आणि आम्ही शिकलेले गृहस्थ दृष्ट काढीत बसलों. पुढें सर्वांनीं सांगितलें, सटवीनें एवढेंच लिहिलें होतें. आम्हींहि तें मानलें, कारण तें मानणें सोपें होतें.

आशाताईंनीं साबणानें हात धुतले, झोळीच्या कांट्यावर बाळाचें वजन केलें, काखेंत तापमापक लावला, मिनिटभर श्वास मोजले आणि नाळ पाहिली. वजन अडीच किलोंच्या आंत होतें. शेगडीचा धूर त्यांनीं बंद करविला, गुटी थांबविली, आणि बाळ आईच्या उराशीं उघड्या अंगानें कसें धरावें तें सुनेस शिकविलें. सातव्या दिवशीं त्या पुन्हा आल्या. बाळ दूध ओढण्यास आळसलेलें दिसतांच म्हणाल्या, "गुरुजी, आजची रात्र काढूं नका." गाडीहि त्यांनींच बोलाविली. आज ती नात अंगणांत रांगते आहे.

ही रीत परदेशांतून आलेली नाहीं. आमच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यांतली आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग या दांपत्यानें तेथें १९८६ सालीं 'सर्च' ही संस्था काढली. पुढें ३९ गांवांत त्यांनीं गांवच्याच, बेताच्या शिकलेल्या स्त्रियांस 'आरोग्यदूत' म्हणून तयार केलें. जन्मतांच न रडणाऱ्या बालकास श्वास देणें, थंड पडणाऱ्यास ऊब देणें, जंतुदोष ओळखून औषध टोंचणें, हीं कामें त्या झोपडींत बसून करूं लागल्या. तिसऱ्या वर्षीं, ही सोय नसलेल्या गांवांशीं ताडून पाहतां, पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील बालमृत्यूंचें प्रमाण ६२ टक्क्यांनीं घटलें. १९९९ सालीं 'लॅन्सेट' या विख्यात वैद्यकीय नियतकालिकांत तो वृत्तांत छापून आला. २००९ सालीं जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनीं अशा घरभेटींची शिफारस केली, आणि २०११ पासून हें काम देशभर आशाताईंकडे आलें. दवाखान्यांत जन्मलेल्या बालकास त्यांनीं ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशीं पाहावें असा नेम आहे. या साऱ्या फेऱ्यांबद्दल त्या वेळीं मोबदला ठरला तो मिळून २५० रुपये! सरकारच्या लेखीं त्या स्वयंसेविकाच.

आपल्या आयुर्वेदानें आठ अंगांपैकीं 'कौमारभृत्य' हें एक संपूर्ण अंग बालकांस वाहिलें आहे. तेव्हां बाळाचा श्वास मोजणारी बाई आपल्या परंपरेबाहेरची नव्हे. परंपरा विसरलों असूं तर आपणच. सहाव्या रात्रीं सटवीसाठीं कोरा कागद व लेखणी खुशाल ठेवा. आमच्या घरींहि ठेवली होती. परंतु तिसऱ्या व सातव्या दिवशीं दार उघडें असूं द्या. धुण्यास पाणी, पुसण्यास स्वच्छ वस्त्र आणि बसण्यास पाट, एवढें तरी त्या माउलीस आपल्या घरीं मिळावें.

आमच्या दाराशीं ती चाळीस वर्षें आधीं येती तर, हा विचार आम्ही बोलून दाखवीत नाहीं. आमचें कुटुंबहि बोलत नाहीं. पण आशाताई आल्या कीं त्यांच्यासाठीं चहा मात्र तें स्वतःच्या हातानें करतें.