कपाटातील फिती कोणाच्या?

कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने जर्जर होऊन देवासला आले आणि जवळजवळ पाच वर्षे त्यांचे गाणे थांबले. १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत बसले, तेव्हा थोर गवयांच्या गायकीची हुबेहूब नक्कल करणारा बालगायक मागे पडला होता. अल्प दमातून, माळव्याच्या लोकधुनांच्या सहवासातून एक नवेच गाणे उभे राहत होते. त्या गाण्याची घडण कंपनीच्या तबकड्यांत पुरती सापडणार नाही. तबकडीवर येते ते पक्के झालेले गाणे. ते पक्के होताना कसकसे वळले, हे खासगी बैठकींच्या अप्रकाशित फितीच सांगू शकतात.

अशी एखादी फीत आपल्या घरी आहे, हे सांगताना जिल्ह्यातील जुन्या मराठी मंडळींचा ऊर भरून येतो. ती कोणाला ऐकविली, असे विचारताच मात्र विषय बदलतो. याला जतन म्हणत नाहीत. ही साठेबाजी होय. फितीवरील चुंबकीय लेप दमट हवेने सुटू लागतो, बुरशी धरते, आणि स्पूल वाजविणारी यंत्रेही आता दुर्मिळ झाली आहेत. कुलूप चोरापासून वाचवील, काळापासून नाही.

कलावंताने स्वतः प्रसिद्ध न केलेले गाणे चव्हाट्यावर आणणे हा त्याचा अवमान होय, असा आक्षेप घेतला जातो. तो गंभीर आहे आणि मान्यही आहे. परंतु जतन वेगळे, प्रकाशन वेगळे. प्रकाशनाचा निर्णय वारसांनी व कायद्याने करावा. जतनाला तेवढी वाट पाहता येत नाही. गुरुग्राम येथील अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे ध्वनिसंग्रहालय १९८२ पासून हे काम करीत आहे, आणि तेथे फीत देणाऱ्याला वापराच्या अटी घालता येतात. मग अडते कोठे? केवळ आपल्या मालकीच्या अहंकारापाशी.

भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, अल्लादिया खाँ १९४६ साली. त्यांचे गाणे आज आपल्याला केवळ इतरांच्या आठवणींतून कल्पावे लागते, कारण त्यांचे ध्वनिमुद्रणच उपलब्ध नाही. आपली गोष्ट तशी नाही. येथे मुद्रण झाले आहे. ते आपल्या हातून नष्ट झाले, तर दैवाला बोल लावता येणार नाही. म्हणून ज्यांच्या घरी फीत असेल त्यांनी तारीख, गाव, राग आणि साथीदार आठवतील तसे आजच लिहून काढावेत, आणि फीत जाणत्या हाती सोपवावी.