वारीच्या वाटेवरचे दगड भरावात घालू नका



पालखी मार्ग चौपदरी झाला. उसाच्या गाड्या लवकर पोचतात, माझी त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आपल्या जेसीबीबद्दल आहे. मागच्या उन्हाळ्यात आमच्या शिवारात बांध सपाट करताना एका वीरगळाचे दोन तुकडे झाले आणि ते ओढ्याच्या भरावात गेले. मालक म्हणतो, "दगडच होता की!"

दगडच, पण वाचून बघा. तळच्या चौकटीत पडलेला वीर. शेजारी गाईंची रांग असली तर गडी गुरं सोडवताना मेला. वर त्याला अप्सरा घेऊन चालल्यात, त्याच्या वर शिवलिंगाची पूजा, माथ्याला चंद्र-सूर्य. म्हणजे चंद्र-सूर्य आहेत तोवर नाव राहावं. गुरांसाठी मेलेल्या माणसाची ही नोंद आपण गुरं पाळणारेच फोडतोय! वर आषाढीला पंढरीला जायचं. रा. चिं. ढेरेंनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय'मध्ये मांडलंय, विठोबा मुळात गवळी-धनगरांचा देव. मग हे दगड कोणाचे?

गाढवाचं चित्र असलेला दगड दिसला की लोक लाजून पालथा घालतात, पायरीला लावतात. तो गद्धेगाळ. दिलेलं दान कुणी मोडलं तर त्याला त्यात शिवी असते. बहुतेक वेळा ते दान जमिनीचं. त्या काळचा सातबाराच म्हणा. आणि आपण त्यावर कपडे धुतो.

पंढरपूरच्या देवळातला चौऱ्यांशीचा शिलालेख शके ११९५ ते ११९९ चा, रामदेवराव यादवाच्या काळातला. देवळाला कुणी काय दिलं त्याची यादी. लोकांनी चौऱ्यांशीच्या फेऱ्यातनं सुटायला त्याला पाठ घासली, वाचला किती जणांनी? वेळापूरला माउलींचा मुक्काम असतो, दिंड्या येतात, पण अर्धनारीनटेश्वराचं यादवकालीन देऊळ निवांत बघणारे थोडेच. बाकीचे रिंगणाचा व्हिडिओ काढून पुढं. गावोगावच्या जुन्या देवळांना ऑइलपेंट फासणाऱ्या कमिट्यांबद्दल तर बोलायलाच नको.

आता खरी भीती. "कळवलं तर सरकार जमीन घेईल." या एका भीतीपायी दगड रातोरात गायब होतात. केंद्राच्या कायद्यात संरक्षित स्मारक करायचं तरी आधी अधिसूचना काढून हरकतींना दोन महिने द्यावे लागतात. एका वीरगळापायी कुणाचं रान जात नाही. उलट, जमिनीत पुरलेली जुनी वस्तू निघाली आणि तिची किंमत १० रुपयांच्या वर असली तर १८७८ च्या कायद्यानं कलेक्टरला कळवावंच लागतं. दडवणं हाच गुन्हा.

कृषी सहायक साहेब, तुम्ही शेततळ्याची, बांधबंदिस्तीची आखणी करायला येता. माती बघता तसा बांधावरचा उभा दगडही बघा. फोटो काढा, गट नंबर लिहा, मशीन लावायच्या आधी तलाठ्याला दाखवा. आणि शेतकरी भावांनो, मशीनवाल्याला तासाचे पैसे देताना एवढं सांगा, कोरीव दगड लागला की बकेट थांबव.