समुद्राला मिळणारे पाणी वाया जात नाही



धरणाखाली सोडलेले पाणी समुद्रात फुकट जाते, असे गेल्या अंकातल्या पत्रलेखकांनी लिहिले आहे. त्यांनी शहापूर तालुक्यातल्या दोन नद्या पाहाव्यात. भातसा धरणाचे मुंबईसाठीचे पाणी पात्रातूनच पिसे बंधाऱ्यापर्यंत जाते, म्हणून वैशाखातही तो पट्टा वाहता असतो. तानसाचे पाणी मात्र १८९२ पासून धरणावरूनच जलवाहिनीत शिरते. सांडवा थांबला की खाली उरतात खडक आणि डबकी.

या नद्या पूर्वीही उन्हाळ्यात बारीक होत, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. पण झिरपत येणारी धार डोह जिवंत ठेवत असे. ती तुटली की पाणी तापते, त्यातला प्राणवायू घटतो आणि दाटीवाटीने कोंडलेले मासे एका दिवसात उपसले जातात. मग पहिल्या पावसात वलगणीला ओढ्यांत चढायला मासा उरणार कुठून? कातकरी-ठाकरांच्या चुलीवरचे कालवण याच माशांवर असते.

राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये सर्व राज्यांना कोरड्या हंगामातील सरासरी प्रवाहाच्या किमान १५ ते २० टक्के पाणी नदीत राखायला सांगितले. आमच्या नद्यांचा तो प्रवाह मुळातच इतका लहान, की हा वाटा मला अपुरा वाटतो. पण तेवढा तरी द्या. मुरबाडच्या काळू धरणाचे काम २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने थांबवले होते. तो प्रकल्प पुन्हा हाती घ्यायचा असेल, तर नदीचा वाटा आधी ठरवा.

– एक वाचक, मुरबाड