दुसऱ्यांच्या आईबाबांच्या हाताखाली

कोजागिरीचं दूध पिऊन झालं, मुलांचा सहामाहीचा शेवटचा पेपर संपला आणि दिवाळीच्या फराळाला अजून हात लागलेला नाही, असे मधले काही दिवस दर वर्षी येतात. ते दिवस मी कुठल्याही कारणासाठी सोडत नाही. आमची चार कुटुंबं तेव्हा भंडारदऱ्याला जातात आणि रतनवाडीच्या वाटेवर, जलाशयाच्या काठाशी असलेल्या एका शेतकरी कुटुंबाच्या रानात दोन रात्री तंबूत राहतात. परवाच आम्ही परत आलो. तंबू वाळत घातलेत, कपड्यांना अजून धुराचा वास आहे, आणि जे मनात आहे ते आजच लिहावंसं वाटतं.

भंडारदऱ्याची गर्दी ठरलेली असते. मे संपता संपता काजवे बघायला लोक येतात, पुढे श्रावणापर्यंत धबधब्यांखाली उभं राहायला जागा मिळत नाही. शरदात मात्र हा मुलूख पुन्हा तिथल्या माणसांचा होतो. पाऊस हटलेला असतो, पण ओढे वाहते असतात. सोनकी ओसरायला लागलेली, खुरासणीची शेतं पिवळीधमक, खाचरांतला भात पिकून वाकलेला. समोर रतनगड, मागे कळसूबाईची रांग, आणि हवा इतकी धुतलेली की डोंगराच्या अंगावरची प्रत्येक घळ वेगळी दिसते. दगड वाळलेले असतात, पाय घसरत नाही. मुलांच्या मागे मागे ‘जपून, जपून’ करत फिरावं लागत नाही. त्यांना मोकळं सोडता येतं. आम्हाला हाच ऋतू हवा असतो, कारण या सहलीत मुलांना आपल्यापासून थोडं सोडायचं, हाच आमचा मुख्य बेत असतो.

त्यासाठी एक नियम आम्ही पहिल्यापासून पाळतो. तिथे कुठलंच मूल स्वतःच्या आईबाबांच्या हाताखाली काम करत नाही. तंबू उभारणं, पाणी भरणं, भाकऱ्या थापणं, भांडी घासणं, सगळ्या कामांच्या जोड्या ठरतात आणि प्रत्येक मुलाचा जोडीदार दुसऱ्या घरातला मोठा माणूस असतो. काम शिकवायचं त्यानेच, चुकलं तर सांगायचंही त्यानेच. मी गिरगावातल्या चाळीत वाढले. गणित अडलं की पहिल्या मजल्यावरचे काका, आजारी पडलं की समोरच्या खोलीतल्या आजी, आणि रागवायला तर सगळा मजलाच. माझ्या वाढण्यात आईवडिलांइतकाच या माणसांचा वाटा आहे. माझ्या मुलीला तसा मजला मिळाला नाही. तिच्या आयुष्यातली मोठी माणसं म्हणजे आम्ही दोघं आणि शिक्षक. शिक्षकांचा तास ठरलेला, आमचं लक्ष चोवीस तासांचं. अशा मुलाला श्वास घ्यायला तिसरं कोणीतरी लागतं.

यंदा मुलीची जोडी माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याशी होती. तो शाळेत विज्ञान शिकवतो. पहिल्या पहाटे तंबूचं बाहेरचं कापड ओलंचिंब झालेलं पाहून ती म्हणाली, ‘काका, पाऊस तर नव्हता.’ त्याने उत्तर सांगितलं नाही. तिला आधी झाडाखालच्या तंबूला हात लावून बघायला पाठवलं. तो जवळजवळ कोरडा होता. मग तिथेच बसून दोघांचं बोलणं झालं. निरभ्र रात्री जमीन, गवत, कापड सगळं आपली उष्णता आकाशाला देऊन टाकतं आणि हवेपेक्षा गार होतं. त्या गार पृष्ठभागावर हवेतली वाफ दव होऊन बसते. झाडाच्या छत्रीखाली ही उष्णता तितकीशी निसटत नाही. आपल्या श्वासातही वाफ असते, म्हणून थंडी असली तरी तंबूच्या झडपा थोड्या उघड्या ठेवायच्या. दुसऱ्या रात्री चारही तंबूंच्या झडपा तिने स्वतः तपासल्या. हेच मी सांगितलं असतं, तर ती आईची सूचना ठरली असती.

त्याच रात्री जेवणानंतर सगळे उताणे पडलो. कृष्णपक्षातला चंद्र मध्यरात्रीशिवाय उगवणार नव्हता. पश्चिमेला अभिजित आणि श्रवण उतरत होते, माथ्याजवळ भाद्रपदांचा चौकोन होता, पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका वर आला होता. काकाने शर्मिष्ठेवरून बोट सरकवत देवयानीतला धूसर ठिपका मुलांना दाखवला. ही आपल्या आकाशगंगेसारखी दुसरी दीर्घिका, तिचा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षं प्रवास करून आत्ता तुमच्या डोळ्यात शिरतोय, म्हणाला. पाचही मुलं एकदम बोलायची थांबली. मग सगळ्यात धाकट्याने विचारलं, ‘मग ती आत्ता तिथे आहे का?’ या एका प्रश्नावर पुढचा तासभर गेला, आणि त्यात मोठ्यांपेक्षा मुलंच जास्त बोलली.

माझ्या वाट्याला दुसऱ्या मैत्रिणीचा दहावीतला मुलगा आला होता. घरी हल्ली तो ‘हो’ आणि ‘नाही’ याच्या पुढे जात नाही, हे तिने मला काळजीने सांगितलेलं होतं. आम्ही दोघं तांदळाची उकड मळायला बसलो. उकड गरम असतानाच मळावी लागते. हात पाण्यात बुडवायचा, पीठ दाबायचं, पुन्हा हात बुडवायचा. नजर परातीत असते, समोरच्याकडे बघायची गरज पडत नाही. पहिला गोळा झाला आणि तो आपणहून बोलायला लागला. काय बोलला ते मी इथे लिहिणार नाही, त्याच्या आईलाही सांगितलेलं नाही. तिने एकदाच माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि तिने पुढे काही विचारलं नाही. तिच्या त्या न विचारण्याचं मोल मला फार वाटतं. आपलं मूल दुसऱ्याजवळ मन मोकळं करतंय, हे आईला आधी टोचतं. ते सोसून जी बाजूला होते, तिच्या मुलाला जगात एक जागा जास्त मिळते.

हे उलट दिशेनेही घडतं. आमच्यातल्या एकीचे वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, यंदा ते बरोबर होते. नातवाने त्यांच्या गोष्टी लहानपणापासून ऐकलेल्या, त्यामुळे आजोबांनी ‘धरण’ म्हणताच तो उठून जातो. भंडारदरा धरणाच्या खालच्या बाजूला आम्ही उभे होतो. आजोबा सांगत होते की, प्रवरेवरची ही दगडी भिंत बांधायला १९१० साली घेतली आणि ती १९२६ साली पुरी झाली. उंची सुमारे ८२ मीटर, पोटात अकरा टीएमसी पाणी. हे पाणी नदीतून संगमनेरजवळच्या ओझर बंधाऱ्यापर्यंत जातं आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांनी श्रीरामपूर, राहुरीकडच्या उसापर्यंत. बाकीच्या मुलांनी त्यांना घेरलं. भिंत फुटेल का, गाळाचं काय करतात, पाणी सोडायचं कोण ठरवतं. आजोबा पावसाळ्यातल्या जागरणांविषयी सांगू लागले, आणि नातू गर्दीच्या कडेने हळूच पुढे सरकत अगदी त्यांच्या कोपराशी येऊन उभा राहिला. ‘तुझे आजोबा हे सगळं करायचे?’ असं माझ्या मुलीने विचारल्यावर तो ‘हो’ म्हणाला, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. घरातल्या माणसाची थोरवी पुष्कळदा दुसऱ्या घरातल्या मुलांच्या डोळ्यांनीच दिसते.

ज्यांच्या रानात आम्ही राहतो, त्यांच्याकडे यासाठी नियम करावा लागत नाही. भातकापणी सुरू होती आणि वाडीतली पोरं कुठल्याही खाचरात, कुठल्याही काकीच्या हाताशी दिसत होती. आमच्या मुलांनाही त्यांनी त्याच हक्काने कामाला लावलं. घरातल्या आजी एकाला म्हणाल्या, ‘असा नको धरू बाळा. आधी मूठ आवळ, मग विळा ओढ.’ धाकट्याला विळा दिला नाही, पेंढ्या वाहायला दिल्या. तो गोठ्यातल्या डांगी गाईला घाबरून दूर उभा होता, तर त्यांच्या सुनेने त्याचा हात धरून गाईच्या मानेवर ठेवला. पावसाच्या माऱ्यात चिखलात उभं राहून काम करणारी ही जात, तिच्या तुकतुकीत कातडीवर पाणी ठरत नाही, हे त्याने नंतर आम्हा सगळ्यांना समजावून सांगितलं. दुपारी एका पोराने उभ्या भातातून पळायला सुरुवात केली, तेव्हा आजींनी त्याला असं खडसावलं की तो जागीच थांबला. त्याची आई माझ्या शेजारी बसली होती. ती उठली नाही. संध्याकाळी तोच मुलगा आजींच्या चुलीपुढे सरपण पुढे सारत बसला होता.

शाळांना सुटी लागली आहे. ज्यांच्याशी मन जुळतं अशी दोन-तीन घरं गोळा करा आणि जवळच्या एखाद्या गावात, कोणाच्या तरी रानात, त्यांना विचारून राहा. जेवण त्यांच्याच चुलीवरचं घ्या, पैसे घासाघीस न करता त्या घरातल्या बाईच्या हातात द्या. आमची जागा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात आहे, म्हणून जाळ अंगणातल्या चुलीपुरता, गाणी आपल्या कानांपुरती आणि कचरा परत आपल्या गाडीत. कुठेही गेलात तरी हे पाळता येईल. मुलांना दुसऱ्यांच्या हवाली करा आणि दुसऱ्यांची मुलं आपल्या हाताशी घ्या. त्यांनी सांगितलेलं पोटात ठेवा. आणि तुमच्या मुलाला दुसरं कोणी मायेने रागावलं, तर मध्ये पडू नका.