रूट कुणाच्या हातात?

सर्व्हर म्हटलं की आपल्या पोरांच्या डोळ्यांपुढं काचेच्या थंडगार खोल्या येतात आणि त्या खोल्यांचे मालक. ही दहशत कुणी पेरली? सर्व्हर म्हणजे रात्रंदिवस चालू राहणारं, दुसऱ्या मशीननं मागितलं ते देणारं मशीन. बस्स.

नागसेनवनापासून मुकुंदवाडीपर्यंत खोल्या घेऊन राहणारी, परीक्षांचा अभ्यास करणारी पोरं आज नोट्ससाठी कुठल्या तरी क्लासवाल्याच्या लिंकवर लटकलेली. लिंक मेली की अभ्यास मेला. इकडं 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज 10 चा नेहमीचा आधार काढून घेतला. मशीन धडधाकट, पण मालक म्हणाला म्हातारं झालं, की ते निघालं भंगारात! असल्या एका मशीनमध्ये अभ्यासिकेची पुस्तकं, प्रश्नपत्रिका, चळवळीचे जुने अंक, शाहिरांची गाणी आरामात मावतात. जुना लॅपटॉप मिळाला तर आणखी बरं. लाइट गेली तरी बॅटरी धकवते.

‘पैसे भरू, पण कटकट नको’ म्हणणाऱ्यांनी जुलै 2025 आठवावा. गुजरातेत वाडिनारची रिफायनरी चालवणारी नायरा एनर्जी. पैसे भरलेले. युरोपनं निर्बंध लादले आणि मायक्रोसॉफ्टनं तिची सेवा तोडली. कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली, सेवा परत आली. तेलवाल्यांचा कळवळा आम्हाला नाय. पण तुमच्या अभ्यासिकेसाठी हायकोर्टात कोण जाणार?

म्हणून डेबियन. 1993 ला इयान मर्डॉकनं सुरू केलेलं. पोटात लिनक्सचं कर्नल आणि स्टॉलमनच्या ग्नू प्रकल्पाची अवजारं. इथं ‘फ्री’ म्हणजे फुकट नव्हे. चालवा, उघडून वाचा, बदला, वाटा, हे चार हक्क. नेटइन्स्टॉलची फाईल एक जीबीच्या आत येते. ती पेन ड्राइव्हवर चढवा. 64 बिटचं मशीन बघा. 32 बिटवाल्यासाठी 2025 च्या डेबियन 13 मध्ये इन्स्टॉलरच नाही. सॉफ्टवेअर निवडायच्या पडद्यावर डेस्कटॉपच्या सगळ्या खुणा काढून टाका. एसएसएच सर्व्हर आणि साधी अवजारं ठेवा. समोर काळा पडदा उरेल. घाबरू नका. चित्रं कमी म्हणजे चालणारे प्रोग्राम कमी, उघडी दारं कमी. जे आहे ते एका यादीत बसतं, बसून वाचता येतं. फुगवलेल्या सिस्टीमचा हिशेब कुणालाच देता येत नाही.

एक भानगड आहे. वायफायसारख्या कार्डांना कंपनीचं बंद फर्मवेअर लागतं. डेबियननं 2022 ला मतदान घेऊन ते अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेतलं. 2023 च्या डेबियन 12 पासून ते आपोआप चढतं. याला तडजोड म्हणा, आम्ही तेच म्हणतो. पण सोवळं पाळण्यापायी मशीन कोपऱ्यात पडू देणं हा शहाणपणा नव्हे. आधी केबल जोडा. इन्स्टॉलरच्या बूट ओळीत ‘फर्मवेअर=नेव्हर’ लिहून बघा. बऱ्याचदा चालतं. नाही चाललं तर फर्मवेअर घ्या, आणि घेतलं हे वहीत लिहा.

खरी मेख पुढं आहे. रूट म्हणजे मशीनवरची सगळी सत्ता. तिचा पासवर्ड एकाच हुशार पोराच्या डोक्यात राहिला तर कंपनी गेली आणि तिच्या जागी आपलाच पाटील बसला! तो उद्या पुण्याला नोकरीला जाईल, किंवा नुसता रुसेल. मग काय त्याच्या पाया पडणार? इन्स्टॉलर रूटचा पासवर्ड विचारतो, ती चौकट कोरी सोडा. रूटचं थेट दार बंद होतं, पहिल्या वापरकर्त्याला सुडोचा अधिकार मिळतो. तोच अधिकार आणखी दोघांना द्या. त्यात एक तरी पोरगी हवी. सुडोनं कुणी कधी काय केलं याची नोंद मशीन ठेवतं. ती दर महिन्याला सगळ्यांसमोर वाचा. त्याच बैठकीत बॅकअप दुसऱ्या मशीनवर चढवून बघा, आणि दर वेळी ते काम आजवर न केलेल्याच्या हाती द्या.