आईला शिव्या देण्याआधी मासे मोजा

गेल्या जूनमध्ये मी रोज रात्री जेवणं उरकली की मोबाईलवर अमेरिकेतलं एक घरटं बघत बसायचे. आपल्याकडे रात्र, तिकडे भर दुपार. पाण्यात रोवलेल्या खांबावर काटक्यांचा ढीग, त्यात ऑस्प्रेची मादी आणि तीन पिल्लं. ऑस्प्रे म्हणजे घारीपेक्षा जरा थोराड, जवळपास फक्त माशांवर जगणारा शिकारी पक्षी. हिवाळ्यात भिगवणला, उजनीच्या पाण्यावर जो सूर मारतो आणि होडीतल्या सगळ्या लेन्स एकदम ज्याच्याकडे वळतात, तो याचाच भाऊबंद. आपल्याकडे तो पाहुणा म्हणून येतो. त्याचं घरटं, त्याचा संसार बघायचा तर कॅमेराच गाठावा लागतो.

तिसरं, सगळ्यात धाकटं पिल्लू एका गुरुवारी मेलं. शेजारच्या चॅटमध्ये मादीच्या नावानं शिमगा सुरू झाला. राक्षसीण, कोरड्या काळजाची, हिला घरट्यातून हाकला. त्या गर्दीत देवनागरीतलं एक वाक्य दिसलं: ‘सांभाळता येत नाहीत तर पोरं कशाला काढायची?’

हे वाक्य मी ओळखते. आमच्या सोसायटीत, दवाखान्याच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय. ते पक्ष्याला लावलेलं मात्र पहिल्यांदाच बघितलं.

हा प्रकार काही नवा नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या वुड्स होल ओशनोग्राफिक इन्स्टिट्यूशन या संस्थेचा असाच एक ऑस्प्रे कॅमेरा होता. २०१४ साली तिथली मादी पिल्लांना भरवायचं सोडून चोची मारू लागली. लोकांनी संस्थेवर संतापाच्या मेलांचा मारा केला, पिल्लं काढून घ्या म्हणून मागण्या केल्या. पुढे संस्थेनं कॅमेराच बंद केला. मान्य, अशा विचित्र वागणाऱ्या माद्या असतात. पण दर उन्हाळ्यात, दर घरट्यात धाकटं पिल्लू मेलं की तोच निकाल लावायचा, याला काय म्हणायचं?

घरट्यात काय चालतं ते नीट बघा. मादी बहुधा तीन अंडी घालते, मध्ये एक-दोन दिवस जाऊ देत. सगळी अंडी होईपर्यंत ती थांबत नाही, पहिल्यापासूनच उबवायला बसते. त्यामुळे पाच-साडेपाच आठवड्यांनी पिल्लंही मागेपुढेच बाहेर येतात. थोरलं धाकट्यापेक्षा काही दिवसांनी मोठं असतं, आणि त्या वयात काही दिवस म्हणजे अंगानं फार मोठा फरक. सुरुवातीचे आठवडे मादी घरटं जवळजवळ सोडतच नाही. उन्हात पंख पसरून सावली करते, पावसात अंगाखाली घेते. मासे आणायचं काम नराचं. तो मासा आणतो, पुष्कळदा डोकं आधी स्वतः खाऊन. मादी त्याचे बारीक तुकडे काढून समोर आलेल्या चोचीत घालते.

समोर आलेल्या चोचीत, हे महत्त्वाचं. मासे भरपूर असतील तर थोरल्याचं पोट भरतं, ते बाजूला लवंडतं आणि धाकटं पुढे सरकतं. तिघंही वाढतात, कुणी कुणाला हातसुद्धा लावत नाही. (पंख म्हणा.) मासे कमी पडले की थोरलं धाकट्याला टोचून टोचून खाली दाबतं, आणि धाकट्याची चोच पुढे येतच नाही. धाकटं पिल्लू चांगल्या वर्षासाठी असतं. वर्ष चांगलं आहे की वाईट हे मादीच्या हातात नसतं, ते पाण्यात ठरतं.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. व्हर्जिनियात चेसापीक उपसागराच्या दक्षिण टोकाला मोबजॅक नावाची खाडी आहे. २०२१ साली विल्यम अँड मेरी विद्यापीठातल्या संशोधकांनी तिथे साधा प्रयोग केला. काही घरट्यांत वरून मासे नेऊन ठेवले, काही घरटी तशीच ठेवली. तशाच ठेवलेल्या घरट्यांत जोडीमागे सरासरी ०.४७ पिल्लू जगलं. मासे मिळालेल्या घरट्यांत १.१३. पक्ष्यांची संख्या टिकायला जोडीमागे साधारण १.१५ पिल्लू लागतं. खाडी तीच, हवा तीच, आयासुद्धा त्याच वकुबाच्या. फरक माशांचा. २०२३ साली तर त्या खाडीत दहा घरट्यांमागे जेमतेम एका घरट्यातून पिल्लं उडाली. डीडीटीनं अंड्यांची कवचं पातळ होऊन फुटत होती, त्या काळातही इतकी वाईट अवस्था नव्हती.

प्रयोगात ठेवलेला मासा होता मेनहेडन. तेलकट, थव्यानं फिरणारा, आपल्या तारलीसारखा. माणसं तो ताटात फारसा घेत नाहीत. व्हर्जिनियात रीडव्हिल नावाचं गाव आहे, तिथल्या कारखान्यात तो शिजवून, पिळून त्याचं तेल आणि भुकटी करतात. तेल ओमेगा-३च्या गोळ्यांत जातं, भुकटी मत्स्यशेतीच्या आणि पाळीव प्राण्यांच्या खाद्यात. उपसागरातून किती मेनहेडन उपसायचा याची मर्यादा ५१,००० टन आहे. मासेमारी करणारे म्हणतात, ऑस्प्रे उपाशी राहण्याला आम्हीच कारण आहोत हे सिद्ध झालेलं नाही. पाणी तापतंय, माशांचे थवे दुसरीकडे सरकताहेत. असेलही, कारणं एकाहून जास्त असू शकतात. पण म्हणून उपसा आहे तसा चालू ठेवायचा, हे त्यातून कसं निघतं? शंका असताना ताट कुणाच्या पुढून ओढायचं, एवढाच प्रश्न आहे. आजवर ते पिल्लांच्या पुढून ओढलंय.

आणि तरी चॅटमध्ये शिव्या मादीला. कारखान्याचं बोट कॅमेऱ्यात येत नाही, हे एक कारण. दुसरं कारण मला जास्त सतावतं. तो नर तासन्‌तास रिकामा येतो, कधी अर्धा मासा आणतो, तेव्हा लोक लिहितात, ‘बाबा दमला बिचारा’. मी नराला शिव्या द्या म्हणत नाहीये, तो खरंच दमलेला असतो. पण एकाच घरट्यातल्या एकाच भुकेला दोन मापं लावली जातात, आणि ती मापं आपण घरूनच घेऊन आलेलो असतो. मूल हडकलं की अंगणवाडीच्या दारात आईला झापायचं, रेशन किती आलं ते विचारायचं नाही, तशातलीच ही गोष्ट.

मग बघत बसायचं का, असं कुणी विचारेल. प्रत्येक वेळी नाही. वेल्समधल्या डिव्ही नदीकाठच्या घरट्यावर जून २०१२मध्ये वादळी पावसानं दोन पिल्लं गेली. तिसरं अगदी मरायला टेकलेलं असताना प्रकल्पाच्या लोकांनी वर जाऊन त्याला हातानं मासा भरवला, आणि ते पुढे उडालं. मला यात गैर वाटत नाही. पण शेकडो घरटी उपाशी असताना शेकडो शिड्या लावणं हा उपाय होत नाही. तिथे जाळ्यांबद्दलच बोलावं लागतं. ते बोलणं आपल्याला परकंही नाही. महाराष्ट्रानं २०१६ साली पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले ते उगाच नाही. रत्नागिरीच्या बंदरावर एखाद्या छोट्या होडीवाल्याला पर्ससीनबद्दल विचारा, तो तुम्हाला मोबजॅकची गोष्ट मोबजॅकचं नाव न घेता सांगेल.

सातव्या-आठव्या आठवड्यात पिल्लं उडतात. त्यानंतर बहुधा मादीच आधी दक्षिणेला निघते आणि नर मागे राहून पोरांना मासे पुरवतो. तेव्हाही लिहितातच, ‘मुलांना टाकून गेली’. तिनं चार महिने त्या काटक्यांवर काढलेत, हे कुणाला आठवत नाही.

पिल्लू गेलं त्या रात्री मीही काहीतरी टाईप केलं होतं, सांगण्यासारखं नव्हतं. पाठवलं नाही. त्याऐवजी रेकॉर्डिंग मागे नेऊन आठवडाभराचे मासे मोजले आणि वहीत लिहिले. सोमवारी चार. मंगळवारी दोन. बुधवारी एक, तोही वीतभर नव्हता. गुरुवारी दुपारपर्यंत काहीच नाही.