कठड्याला धरून

स्लोव्हेनियात ब्लेड गावाजवळ व्हिंटगर नावाची घळ आहे. दारातच हातात हेल्मेट ठेवले, तेव्हा मला हसू आले. निसर्ग पाहायला शिरस्त्राण कशाला? ही म्हणाली, "मुकाट्याने घाला. दगड काही विचारून पडत नाही."

१८९१ साली गावचे प्रमुख याकोब झुमेर आणि छायाचित्रकार बेनेडिक्ट लेर्गेटपोरर यांनी ही घळ शोधली. १८९३ मध्ये ती लोकांना खुली झाली. राडोव्हना नदीच्या काठाने, कड्याला बिलगून सुमारे १६०० मीटर लाकडी फळ्यांची वाट जाते. शेवटी १३ मीटरचा शुम धबधबा. हिचे गुडघे दुखतात. कठडा धरून, थांबत थांबत, हिरव्या पाण्याकडे पाहत ती चालली. वाट एकेरी, त्यामुळे समोरून धक्काबुक्की नाही.

'कठडे आले की निसर्ग संपला,' असे आमचे गिर्यारोहक मित्र म्हणतात. पूर्वी मीही म्हणत असे. पण फळ्या नसत्या तर ही घळ फक्त धडधाकटांची राहिली असती. आणि आपल्याकडे? ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. मग बंदीचे हुकूम निघाले. हुकमाला एक कागद पुरतो. फळ्या राखायला मात्र कायमची माणसे आणि पैसा लागतो. बँकेत आयुष्य गेलेल्या मला तिकिटाचे पैसे म्हणूनच खटकले नाहीत.

परतीची वाट डोंगरावरून, चढाची आहे, हे मी हिला आधी सांगितले नव्हते. ते तिने अजून माफ केलेले नाही.